शिकाऊ उमेदवार, प्रशिक्षणार्थी की कामगार? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांतून एकच विषय निरनिराळ्या बाजूंनी पुढे आला आहे: शिक्षण, प्रशिक्षण आणि नोकरी यांच्यातील सीमा कायदा नेमकी कोठे आखतो? त्यामुळे नेहमीचे संमिश्र प्रश्न बाजूला ठेवून हे सदर याच पत्रांसाठी दिले आहे. पत्रलेखकांची व त्यांच्या आस्थापनांची नावे गाळली असून पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: माझा मुलगा आयटीआयमधून फिटर व्यवसाय उत्तीर्ण झाला असून दोन वर्षांहून अधिक काळ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करीत आहे. त्याच्या ओळखपत्रावर ‘ट्रेनी’ असे छापले आहे. तो तिन्ही पाळ्यांत नियमित कामगारांच्या बरोबरीने उत्पादनावर असतो. मात्र ‘तुमचे प्रशिक्षण चालू आहे’ असे सांगून त्याला भविष्य निर्वाह निधी, बोनस किंवा कायम नियुक्तीचे पत्र यांपैकी काहीही दिले जात नाही. कायद्याने तो कोण ठरतो?

उत्तर: ओळखपत्रावर काय छापले आहे, यावरून कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ काहीच ठरत नाही. ठरते ते एका दस्तऐवजावरून, आणि तो दस्तऐवज आहे की नाही, याचा आपल्या पत्रात उल्लेख नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ याच्या कलम २ प्रमाणे शिकाऊ उमेदवार म्हणजे शिकाऊ उमेदवारीच्या कराराला अनुसरून प्रशिक्षण घेत असलेली व्यक्ती. आणि शिकाऊ उमेदवारीचे प्रशिक्षण म्हणजे अशाच कराराला अनुसरून, विहित अटींवर, एखाद्या उद्योगात किंवा आस्थापनेत घेतलेला प्रशिक्षणक्रम. दोन्ही व्याख्यांचा पाया करार हाच आहे. कलम ४ नुसार हा करार उमेदवाराने, आणि तो अज्ञान (अल्पवयीन) असेल तर त्याच्या पालकाने, मालकाशी करायचा असतो. मालकाने त्याचा तपशील शासनाच्या संकेतस्थळावर सात दिवसांत भरायचा असतो आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागाराने (या अधिनियमाखाली नेमलेल्या शासकीय अधिकाऱ्याने) पडताळणी करून त्याची नोंदणी करायची असते.

या कराराला इतके महत्त्व का, हे कलम १८ वाचले की लक्षात येते. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगारविषयक कायद्यांच्या तरतुदी त्याला लागू होणार नाहीत, असे ते कलम स्पष्टपणे सांगते. ही मालकाला मिळालेली फार मोठी सवलत आहे. ती फुकट दिलेली नाही. तिच्या बदल्यात कलम ११ मालकावर प्रशिक्षण देण्याचे बंधन घालते आणि तो स्वतः पात्र नसेल तर पात्र व्यक्तीच्या हाती प्रशिक्षणाची सूत्रे द्यायला लावते. कलम १० प्रमाणे तात्त्विक शिक्षणाच्या वर्गांना गेलेला वेळ विद्यावेतनाच्या वेळेतच धरावा लागतो. कलम १३ प्रमाणे विद्यावेतन उत्पादनाच्या नगांवर देता येत नाही आणि उमेदवाराला उत्पादन बोनसच्या योजनेतही ओढता येत नाही. तर कलम १५ प्रमाणे सल्लागाराच्या मंजुरीखेरीज त्याच्याकडून जादा वेळ काम करून घेता येत नाही. ज्या मालकाने करारच नोंदवलेला नाही, त्याने या जबाबदाऱ्यांपैकी एकही न स्वीकारता केवळ कलम १८ ची सवलत मागणे, हे माझ्या मते कायद्याच्या रचनेशीच विसंगत आहे.

करार नोंदवलेला नसेल, तर आपल्या मुलाची बाजू आता पूर्वीपेक्षा भक्कम आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांपैकी वेतन संहिता, २०१९ आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या दोहोंतील ‘कर्मचारी’ या व्याख्येतून, तसेच औद्योगिक संबंध संहिता, २०२० मधील ‘कामगार’ या व्याख्येतून, फक्त १९६१ च्या अधिनियमाखालील शिकाऊ उमेदवार वगळला आहे. कारखान्याने ज्याला ‘ट्रेनी’, ‘लर्नर’ किंवा ‘इंटर्न’ असे नाव दिले, तो प्रत्येक जण वगळला जाईल, असे त्या व्याख्या म्हणत नाहीत. दुकाने व आस्थापनांसाठी असलेल्या आपल्या राज्याच्या २०१७ च्या अधिनियमातही कामगाराची व्याख्या करताना अपवाद याच शिकाऊ उमेदवाराचा केला आहे.

त्यापूर्वीच्या काळाबाबत मात्र चित्र इतके सरळ नाही आणि ते आपल्याला सांगितले पाहिजे. भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या अधिनियमात १९६१ च्या अधिनियमाखालील शिकाऊ उमेदवारांबरोबरच आस्थापनेच्या स्थायी आदेशांखाली (म्हणजे सेवाशर्तींच्या प्रमाणित नियमांखाली) घेतलेले शिकाऊही कर्मचाऱ्याच्या व्याख्येबाहेर होते, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सहकारी संस्थेच्या प्रकरणात स्थायी आदेशांखालील प्रशिक्षणार्थींना या अपवादाचा लाभ लागू केला होता. आपल्या मुलाच्या कारखान्याला स्थायी आदेश लागू होते का, आणि त्यांत प्रशिक्षणार्थींचा वर्ग व त्याची मुदत कशी दिली होती, हे पाहिल्याशिवाय मागील काळाच्या निधीबद्दल ठाम सांगता येणार नाही.

तरीही नावापेक्षा वस्तुस्थिती मोठी, हे तत्त्व न्यायालयांनी सोडलेले नाही. नाशिकच्या एका रबर कारखान्याचे प्रकरण २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. तेथे प्रत्यक्ष उत्पादन ज्यांच्या हातून होत होते, त्यांनाच व्यवस्थापन प्रशिक्षणार्थी म्हणत होते. संपूर्ण कारखाना केवळ प्रशिक्षणार्थींच्या बळावर चालतो, हे न्यायालयाला पटले नाही आणि ती माणसे प्रशिक्षणार्थीच्या नावाखाली राबणारे कामगारच आहेत, असे ठरले. तो वाद कामगार संघटनांना मान्यता देणाऱ्या व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या अधिनियमाखाली लढला गेला होता. कामगारांना कायमपणाच्या लाभांपासून वंचित ठेवण्याच्या हेतूने वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून ठेवणे, ही त्या अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित प्रथा मानली आहे. नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही तशीच नोंद आहे.

उलट, करार रीतसर नोंदवलेला असेल आणि प्रशिक्षण मात्र नावापुरतेच असेल, तर आपल्या मुलाची अडचण अधिक मोठी आहे. व्याख्येचा सगळा भर करारावर असल्यामुळे ‘शिकवले काहीच नाही, म्हणून मी कामगार’ असे म्हणून थेट कामगार न्यायालयात जाणे सोपे नाही. अशा तक्रारीचे ठिकाण कलम २० नुसार शिकाऊ उमेदवारी सल्लागार हे आहे. त्यांच्या निर्णयावर तीस दिवसांत शिकाऊ उमेदवारी परिषदेकडे अपील करता येते. प्रशिक्षणाशी संबंध नसलेले काम उमेदवाराला लावणे हा कलम ३० खाली अपराध आहे. परंतु २०१४ च्या दुरुस्तीने या कलमातील कारावास काढून केवळ दंड ठेवला आहे. या अधिनियमातील सर्वांत कच्चा दुवा मला हाच वाटतो: प्रशिक्षण झाले की नाही हे तपासण्याची जबाबदारी ज्या यंत्रणेवर आहे, तिच्याकडे तक्रार करण्याचे धाडस उमेदवार प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत सहसा करीत नाही.

तेव्हा प्रथम मुलाने शिकाऊ उमेदवारीच्या शासकीय संकेतस्थळावर आपल्या नावाने करार नोंदवलेला आहे का, हे पाहावे आणि व्यवस्थापनाकडे करार नोंदणी क्रमांक लेखी मागावा. पाळीपत्रके, हजेरीच्या नोंदी, बँकेत जमा झालेल्या रकमांचे उतारे आणि कामाच्या सूचनांचे संदेश जपून ठेवावेत. क्रमांक मिळाला नाही, तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात आणि भविष्य निर्वाह निधी कार्यालयात स्वतंत्र अर्ज करावेत. आणखी एक शक्यता तपासावी: नियुक्तिपत्रात ‘परिवीक्षाधीन’ (प्रोबेशनवर) असा शब्द असेल, तर मुलगा पहिल्या दिवसापासून कर्मचारीच आहे, परिवीक्षा म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

प्रश्न: आमच्या आस्थापनेत कंत्राटी माणसे धरून चौतीस जण आहेत. शिकाऊ उमेदवार घेणे आम्हांला सक्तीचे आहे का, आणि खर्च किती येईल?

उत्तर: होय, सक्तीचे आहे. २०१९ मध्ये नियमांत झालेल्या दुरुस्तीनंतर तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात आणि या गणनेत कंत्राटी माणसेही धरली जातात. त्यापूर्वी ही मर्यादा चाळीस होती, त्यामुळे आपल्यासारखे अनेक लहान उद्योजक अजून जुन्याच समजुतीवर चालतात. चार ते एकोणतीस माणसे असलेल्यांना हे ऐच्छिक आहे. आपल्या संख्येचे अडीच टक्के एकाहून किंचित कमी भरतात, म्हणजे एका उमेदवाराची तयारी ठेवावी. वरच्या बाजूस पाच जण घेता येतील.

किमान विद्यावेतन २०१९ च्या दुरुस्तीनुसार शैक्षणिक पात्रतेप्रमाणे दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरले: पाचवी ते नववीपर्यंत शिकलेल्यास ५,०००, दहावी उत्तीर्णास ६,०००, बारावी उत्तीर्ण व आयटीआय प्रमाणपत्रधारकास ७,०००, पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास ९,००० रुपये. हे दर वाढवण्याची शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने २०२५ मध्ये केली आहे; त्यामुळे करार करण्याच्या दिवशी लागू असलेला दर पाहूनच आकडा भरावा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पंचवीस टक्के वाटा, दरमहा कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र शासन उचलते.

एक सूचना न मागता देतो. स्वस्त मनुष्यबळ मिळते म्हणून पंधरा टक्क्यांची वरची मर्यादा गाठू नका. शिकवायला माणूस नसताना पाच उमेदवार घेतलेत, तर वरच्या प्रश्नातील कारखान्याच्या वाटेने जाल.

प्रश्न: मी एका खासगी संस्थेत संगणकाचा एक वर्षाचा ‘डिप्लोमा’ करीत आहे. शुल्काच्या पावतीवर अठरा टक्के वस्तू व सेवा कर लावला आहे. शाळा-महाविद्यालयांच्या शुल्कावर कर नसतो, मग माझे शिक्षण कायद्याच्या दृष्टीने शिक्षण नाही का?

उत्तर: आपण सहज विचारलेला हा प्रश्न बराच जुना आहे. राज्यघटना लागू झाली तेव्हा सातव्या अनुसूचीत शिक्षण राज्य सूचीच्या अकराव्या नोंदीत होते, तर कामगारांचे व्यावसायिक व तांत्रिक प्रशिक्षण समवर्ती सूचीच्या पंचविसाव्या नोंदीत वेगळे ठेवले होते. म्हणजे शाळा-महाविद्यालय हा राज्याचा प्रांत आणि कामगार घडवणे हा केंद्र व राज्य दोघांचा, अशी विभागणी होती. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने या दोन्ही गोष्टी समवर्ती सूचीच्या त्याच एका नोंदीत आणल्या. कायदे करण्याचा अधिकार असा एकत्र आला. पण व्याख्या मात्र प्रत्येक कायद्याने आपापल्या गरजेप्रमाणे केल्या, आणि आजही सर्व कायद्यांना लागू पडेल अशी ‘शिक्षण’ किंवा ‘कौशल्य विकास’ यांची एकच व्याख्या आपल्याकडे नाही.

काही उदाहरणे देतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या १९८७ च्या अधिनियमात तंत्रशिक्षणाची व्याख्या विषयांची यादी देऊन केली आहे: अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, नगररचना, व्यवस्थापन, औषधनिर्माण, उपयोजित कला व हस्तव्यवसाय यांतील शिक्षण, संशोधन आणि प्रशिक्षणाचे कार्यक्रम. म्हणजे तेथे प्रशिक्षण हा शिक्षणाचाच भाग आहे. आयकराच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये लोकशिक्षण ट्रस्टच्या प्रकरणात शिक्षणाचा अर्थ बराच आखूड केला होता: आयुष्यातील कामासाठी तरुणांना तयार करणारे पद्धतशीर अध्यापन. त्या कसोटीत कामाची तयारी केंद्रस्थानी आहे, ही गोष्ट मला लक्षणीय वाटते. कंपनी अधिनियम, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत मात्र, कंपन्यांनी सामाजिक जबाबदारीचा निधी कशावर खर्च करावा हे सांगताना, शिक्षण आणि रोजगारक्षमता वाढवणारी व्यावसायिक कौशल्ये यांचा उल्लेख शेजारीशेजारी केला आहे.

आपल्या पावतीवरील कराचे उत्तर वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या सवलतीच्या अधिसूचनेत आहे. तीत ‘शैक्षणिक संस्था’ या संज्ञेत तीन प्रकारच्या संस्था येतात: बारावीपर्यंतचे शिक्षण देणाऱ्या, अमलात असलेल्या कायद्याने मान्य केलेली अर्हता मिळवून देणाऱ्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून शिक्षण देणाऱ्या, आणि मान्यताप्राप्त व्यावसायिक शिक्षणक्रमाचा भाग म्हणून शिक्षण देणाऱ्या. तिसऱ्या प्रकारातील ‘मान्यताप्राप्त’ म्हणजे काय, हे सांगताना अधिसूचना पुन्हा १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाकडे वळते आणि त्या अधिनियमाखाली अधिसूचित व्यवसायांचे, मान्यता असलेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील अभ्यासक्रम त्यात धरते. आपली संस्था या तिन्हींपैकी कशातही बसत नसेल, तर ती सर्वसाधारणपणे करपात्र सेवा देणारी संस्था ठरते आणि पावती बरोबर आहे.

कर लागला म्हणजे अभ्यासक्रम निरुपयोगी, असे मुळीच नाही. फक्त त्यातून मिळणाऱ्या कागदाचे वजन आधीच पाहून घ्या. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या अधिनियमाने विद्यापीठांपुरता आणि तशा खास अधिकार दिलेल्या संस्थांपुरता राखला आहे. ‘डिप्लोमा’ या नावाला त्या कलमाचे तसे संरक्षण नाही. सरकारी भरतीच्या जाहिरातीत ज्या अर्हता मागतात, त्यांत आपले प्रमाणपत्र येते का, आणि ते देणाऱ्या संस्थेला राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का, हे दोन प्रश्न संस्थेला लेखी विचारा. ही परिषद डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र शासनाच्या अधिसूचनेने स्थापन झाली आहे; संसदेच्या स्वतंत्र कायद्याने नव्हे.

प्रश्न: शिकाऊ उमेदवारी करताना यंत्रात बोट सापडून मला दुखापत झाली. मी कामगार नाही, म्हणून भरपाई मिळणार नाही, असे सांगण्यात आले. हे खरे आहे का?

उत्तर: नाही. कलम १८ चा अपवाद येथे लागू पडत नाही, कारण अधिनियमाने स्वतःच त्यासाठी वेगळी तरतूद केली आहे. प्रशिक्षणातून आणि प्रशिक्षणाच्या ओघात झालेल्या अपघाताने उमेदवाराला इजा झाली, तर कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्याप्रमाणे भरपाई देण्याचे दायित्व कलम १६ ने मालकावर टाकले आहे. कारखान्यातील आरोग्य, सुरक्षा व कल्याण यांच्या तरतुदीही कलम १४ मुळे आपल्याला लागू आहेत. वैद्यकीय कागद, अपघाताची तारीख व वेळ आणि उपस्थितांची नावे लिहून ठेवून मालकाला ताबडतोब लेखी सूचना द्या.

प्रश्न: एका सार्वजनिक उपक्रमात माझी शिकाऊ उमेदवारी पूर्ण झाली आहे. आता तेथे नोकरीवर माझा हक्क आहे का?

उत्तर: हक्क नाही, परंतु पूर्णपणे रिकामा हातही नाही. कलम २२ नुसार, प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना भरतीत कसे सामावून घ्यायचे याचे धोरण प्रत्येक मालकाने स्वतः ठरवायचे असते. आणि प्रशिक्षणानंतर मालक नोकरी देईल व उमेदवार ती स्वीकारेल अशी अट करारातच असेल, तर ती दोघांवर बंधनकारक असते. तेव्हा करार पुन्हा एकदा शेवटच्या पानापर्यंत वाचावा.

अशी अट नसेल, तर १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा उत्तर प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रकरणातील निर्णय आपल्या उपयोगाचा आहे. इतर गोष्टी समान असतील, तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला थेट भरतीतील उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे, रोजगार विनिमय केंद्रामार्फत नाव येण्याची सक्ती त्याच्यावर करू नये आणि सेवानियमांत तरतूद असल्यास त्याप्रमाणे, नसल्यास प्रशिक्षणाच्या काळाइतकी, वयोमर्यादा शिथिल करावी, असे न्यायालयाने सांगितले. ‘इतर गोष्टी समान असतील तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. परीक्षेत कमी गुण मिळाले, तर हे प्राधान्य ती उणीव भरून काढत नाही.

प्रश्न: मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून मी एका शासकीय कार्यालयात काम केले. मीही शिकाऊ उमेदवारच का? कालावधी संपल्यावर मला तेथेच कायम करता येईल का?

उत्तर: आपण १९६१ च्या अधिनियमाखालील शिकाऊ उमेदवार नाही. ही योजना जुलै २०२४ मधील शासन निर्णयावर उभी आहे. तीत १८ ते ३५ वर्षे वयाच्या उमेदवारांना बारावी उत्तीर्णांसाठी ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांसाठी ८,००० आणि पदवीधर व पदव्युत्तरांसाठी १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन राज्य शासन थेट बँक खात्यात देते. प्रारंभी सहा महिन्यांचा असलेला कालावधी पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढवण्यात आला. आपला कलम ४ खालील करार झालेला नाही, त्यामुळे १९६१ च्या अधिनियमातील संरक्षणेही आपोआप लागू होत नाहीत. आपले हक्क शासन निर्णयात लिहिले आहेत तेवढेच, आणि शासन निर्णय शासन बदलूही शकते.

कायम होण्याच्या मागणीबाबत आपल्याला खोटी आशा दाखवणे योग्य होणार नाही. सार्वजनिक सेवेतील नियुक्ती संविधानाच्या अनुच्छेद १४ व १६ प्रमाणे सर्वांना खुल्या असलेल्या भरतीप्रक्रियेतूनच व्हावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एप्रिल २००६ मध्ये उमादेवी प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्या प्रकरणात वर्षानुवर्षे काम केलेल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही केवळ त्या कामाच्या बळावर कायम होण्याचा हक्क मिळाला नव्हता. अकरा महिन्यांच्या प्रशिक्षणावर तो मिळणे कठीण आहे. कालावधी पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मात्र न चुकता घ्या आणि आपण प्रत्यक्ष कोणती कामे केली, याचा तपशील त्यावर किंवा सोबतच्या पत्रावर कार्यालयप्रमुखांच्या सहीने लिहून घ्या, कारण खासगी क्षेत्रातील मुलाखतीत योजनेच्या नावापेक्षा त्या तपशिलाचीच विचारणा होण्याची शक्यता अधिक आहे.